वरकुट्याची तापट ॲपे

इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची गावं दोन, बुद्रुक आणि खुर्द. ज्या ॲपे रिक्षाशी तुमची ओळख करून द्यायची आहे, ती यांतल्या कुठल्या वरकुट्याची हे मात्र विचारू नका. बुद्रुकला विचारलं तर ती खुर्दची असते आणि खुर्दला विचारलं तर बुद्रुकची. एसटी चुकली की दोन्हीकडची माणसं निमूटपणे तिच्यातच येऊन बसतात.

रंग मुळात काळा-पिवळा. आता काळा रंग कुठं संपतो आणि काजळी कुठं सुरू होते, हे मालकालाही सांगता येत नाही. नंबर बारामतीचा, एमएच ४२. मागच्या पत्र्यावर पेंटरनं झोकात ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलं होतं. त्यातली ‘आई’ धुरानं खाल्ली आणि नुसता ‘चा आशीर्वाद’ उरला. मालक, म्हणजे सगळ्यांचे दादा, स्टँडवरच्या टपरीत दिवसभरात जेवढे कप रिचवतात ते पाहता यात खोटं काही नाही.

आधी घराणं सांगतो, कारण तिला त्याचा तोरा फार. तिची आजी इटलीतल्या पाँतेदेरा गावची. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, रस्ते फुटलेले, लोकांच्या खिशात मोटारीपुरते पैसे नाहीत. पियाजिओ कंपनीत कोरादिनो दास्कानिओ नावाचा अभियंता होता. माणूस मूळचा हेलिकॉप्टरच्या नादातला. त्यानं १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर आणली, आणि दोन वर्षांनी त्याच स्कूटरच्या पाठीला दोन चाकं नि एक हौदा जोडून ॲपे उभी राहिली. म्हणून आजही हिला स्टिअरिंग नाही, हँडल आहे. क्लच आणि गिअर डाव्या मुठीत. आपण मोटार आहोत असं ती चारचौघांत भासवते, पण मूठ पिळल्याशिवाय पुढं सरकत नाही.

आपल्याकडं या घराण्याची पहिली सोयरीक बजाजशी झाली. १९६० च्या सुमारास बजाजनं परवाना घेऊन स्कूटर आणि तीनचाकी इथं बांधायला सुरुवात केली. खुद्द पियाजिओचं पाऊल बारामतीच्या एमआयडीसीत पडलं ते १९९० च्या दशकाच्या शेवटी, ग्रीव्हज कंपनीशी भागीदारी करून. कूळ इटलीचं, माहेर बारामतीचं आणि सासर वरकुट्याचं, असा हा संसार.

लांबचे नातेवाईकही आहेत, पण त्यांची नावं निघाली की ती गप्प होते. दिल्लीला महायुद्धातल्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींच्या मागं डबा जोडून केलेल्या फटफट्या १९९८ पर्यंत प्रवासी वाहत होत्या. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या अर्ध्या अंगाला मागं गाडा लावलेला छकडा धावतो. दोघंही दणकट, दोघंही गावभर आवाज करणारे. कागदोपत्री ही त्यांच्यापेक्षा सभ्य. स्वभाव मात्र त्यांच्याच वळणावर गेलेला.

माहेराला बोल लावण्यात अर्थ नाही. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या कागदांवर चालक अधिक तीन प्रवासी असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि तशी ती शहाण्यासारखी चालतही असणार. सासरी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की इथं तीन म्हणजे नुसती सुरुवात. मधल्या बाकड्यावर चार, मागं तोंड करून बसणारे चार, दादांच्या दोन्ही मांड्यांना चिकटून दोन, टपावर दोन गोणी आणि ‘हे लेकरू आहे, याचं काय धरताय’ असं एक. लेकरू कधीकधी दहावीत असतं.

नखरे म्हणाल तर सकाळचे. दादांचा मुलगा बसला तर ती सेल्फला नुसती कुरकुरते. दादा आले, त्यांनी हँडलवर दोन थापा मारल्या, उदबत्ती ओवाळली, की पहिल्या झटक्याला चालू. मुलगा म्हणतो, तोवर बॅटरीला जरा दम मिळालेला असतो. दादांना हे स्पष्टीकरण आवडत नाही. चालू झाल्यावर आधी पांढरा धूर, मग काळा, मग खोकला, मग एक लांब हुंदका आणि मग गाडी लागली असं समजायचं. स्टँडवर ती दुसऱ्या कुणाच्या मागं उभी राहत नाही. नंबर मागचा असला तरी तोंड पुढं काढून राहते, त्यामुळं येणाऱ्या बाईला वाटतं हिचाच नंबर. बाकीचे रिक्षावाले यावर बोलून बोलून थकले.

पण गावाला ती ठाऊक आहे ती तापटपणासाठी.

तिचं इंजिन मागं, शेवटच्या बाकड्याखाली. एका सिलिंडरचं, चारशेच्या आसपास सीसीचं, हवेवर थंड होणारं डिझेल. पाणी नाही, रेडिएटर नाही. निमगाव केतकीपर्यंत भरून गेली की मागचं बाकडं असं तापायचं, की माणसं आळीपाळीनं एकेक कुल्ला उचलून बसायची. गाडीत बसण्याचा त्यामुळं एक शिष्टाचार पडून गेला होता. दादांच्या शेजारी सरपंच, ग्रामसेवक आणि सासुरवाडीला निघालेला जावई. मधे बायका आणि म्हातारी माणसं. मागं कॉलेजची पोरं, उधारीवाले आणि भाड्यावरून हुज्जत घातलेला कुणीही. दादांनी कधी शब्दानं शिक्षा केली नाही. ‘मागं बसा’ एवढंच म्हणायचे.

निमगाव केतकी पानमळ्यांसाठी नावाजलेलं. तिथल्या एका पानवाल्यानं एकदा भरलेली करंडी मागच्या बाकड्याखाली सरकवली. इंदापूरला उतरून पानं सोडली तर वरची हिरवी आणि तळची थेट मुखशुद्धीच्या पलीकडची. त्या दिवसापासून पानवाला करंडी मांडीवर घ्यायचा आणि मांडीसकट पुढं बसायचा. साखरपुड्याचे पेढे एका घरचे असे पोहोचले, की डबा उघडल्यावर त्यांचा एकच मोठा पेढा झालेला. वरपक्षानं तो सुरीनं कापून वाटला. लग्न झालं, पण विषय अजून निघतो.

या सगळ्यात एकच बाई तिच्यावर खूश होती. गुडघेदुखीची एक आजी, वरकुट्याहून दर आठवड्याला बाजाराला जाणारी. सगळे पुढं धावत असताना ती मुद्दाम मागं जायची, लुगडं नीट आवरून बरोबर मधोमध बसायची आणि पोहोचेपर्यंत डोळे मिटून घ्यायची. दवाखान्याच्या शेकापेक्षा हा बरा, असं तिचं मत. भाडं द्यायलाही ती कधी कुरकुरली नाही.

ताप कशाचा, यावर टपरीत रोज बैठक बसायची. ऊन, हे पहिलं निदान. हा पर्जन्यछायेचा भाग, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, माणूस तापतो तिथं लोखंडाचं काय, असा युक्तिवाद. तो डिसेंबरात बाद झाला, कारण ती डिसेंबरातही तापली. दुसऱ्याचं म्हणणं ऑइल पातळ झालं. ऑइल बदललं. तिसऱ्यानं कूलंट बदलायला सांगितलं. या इंजिनात कूलंट नसतंच, हे त्याला समजावण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली आणि शेवटी तो म्हणाला, मग भरा की. चौथ्यानं ओलं गोणपाट आणून पत्र्यावर अंथरलं. वाफ झाली, मागच्या चौघांना घाम फुटला, गोणपाटाचा वास आठवडाभर राहिला. एका उत्साही पोरानं तर तापलेल्या सिलिंडरवर थेट कळशी ओतायला घेतली होती. दादांनी त्याचा हात धरला म्हणून वाचली. खूप तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की हेडला तडा जातो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, पण शेजारच्या गावातल्या एका इंजिनाची ती गोष्ट त्यांनी ऐकली होती.

कळस झाला पालखीत. तुकोबांची पालखी बारामतीहून याच वाटेनं इंदापूरकडं जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवडीला गोल रिंगण, पुढं अंथुर्णे, निमगाव केतकी. त्या दिवसांत वाहनांना वेगळे रस्ते देतात, तरी कुठल्यातरी बोळातून गर्दीत शिरण्याची हिची खोड. भरलेली गाडी, पहिला गिअर, दोन पावलं चालायचं नि थांबायचं. बेलवडीच्या अलीकडं तिनं एक काळा लोट सोडला आणि रस्त्याच्या मधोमध बसकण मारली. मागून दिंडी आली. एका वारकऱ्यानं आत डोकावून विचारलं, ‘माउली, पाणी देऊ का?’ दादा म्हणाले, ‘हिला चालत नाही.’ ‘हिला नाही हो, तुम्हाला.’ मग दहा-बारा वारकऱ्यांनी टाळ गळ्यात टाकले आणि नामाच्या ठेक्यावर तिला ढकलत कडेच्या बाभळीखाली नेलं. वारीत इतक्या मानानं कुठलीच रिक्षा गेली नसेल. ती मात्र अर्धा तास टिकटिक टिकटिक करत धुसफुसत राहिली.

तेव्हा कुठं दादा तिला मिस्तरीकडं घेऊन गेले.

इथं वाटेतली एक गोष्ट सांगायला हवी. बारामती–इंदापूर रस्त्याच्या एका अंगाला वालचंदनगर आहे. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटारींची आवरणं बनलेली आहेत. म्हणजे मागून आग टाकत पुढं जाणारी दोन यंत्रं या एकाच पट्ट्यात घडतात. एक आकाशात जातं, दुसरं निमगाव केतकीला. मागचं तोंड मोकळं लागतं ते मात्र दोघांनाही.

मिस्तरी कमी बोलणारा. त्यानं टपरीतली सगळी निदानं ऐकून घेतली, काही म्हणाला नाही. गाडी चालू करायला लावली, मूठ पिळायला लावली आणि सायलेन्सरच्या शेपटापाशी वीतभर अंतरावर फडकं धरलं. फडकं हललं, पण नुसतं हललं. ‘उडायला पाहिजे होतं,’ तो म्हणाला. एवढंच निदान.

सायलेन्सर उतरवला तेव्हा दोघांना धरावा लागला. मिस्तरीनं तो हलवला, आतून खडखड आवाज आला. आतला एक पडदा सुटून आडवा पडला होता. दगडावर आपटला, तर काजळीची ढेकळं पडली. एवढ्यावर भागलं नाही. शेपटाला कधीकाळी कुणीतरी वेल्डिंग मारून एक वाकडी, बारीक नळी जोडली होती. का, तर धूर ‘आईचा आशीर्वाद’वर जातो म्हणून. मूळ भोकाच्या निम्मीसुद्धा नसेल ती नळी. ‘हे कुणी केलं?’ मिस्तरीनं विचारलं. दादा आभाळाकडं बघू लागले.

मग मात्र मिस्तरी बोलला, आणि बोलला ते ऐकण्यासारखं होतं. डिझेल जळून जेवढी उष्णता निघते, तिच्यातला साधारण तिसरा हिस्साच चाक फिरवतो. तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर जायचा असतो आणि राहिलेला पंख्याचा वारा सिलिंडरच्या अंगावरच्या पात्यांवरून, म्हणजे फिन्सवरून, उडवून नेतो. आता धुराची वाट अडली. जळालेला वायू पुरता बाहेर पडत नाही, सिलिंडरात थोडा राहतोच. त्यानं जागा अडवली, की ताजी हवा कमी आत येते. हवा कमी, की डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर होतो, ताकद पडते. ताकद पडली, की दादा मूठ आणखी पिळणार. डिझेल आणखी जाणार, ते आणखी अर्धवट जळणार. धुराडं बुजलेल्या चुलीत लाकडं कोंबत राहावं, तसला हा प्रकार. बाई तापट नव्हती, तिला कुणी श्वास सोडू देत नव्हतं.

नवा सायलेन्सर दुसऱ्या दिवशी मिळणार होता. मधला एक दिवस वाया कशाला घालवायचा, म्हणून दादांनी ती तशीच, इंजिनातून निघणाऱ्या उघड्या बेंड पाइपवर चालवायची ठरवली. टपरीचं मत त्यांच्या बाजूनं होतं. सायलेन्सरच नाही म्हटल्यावर कोंडणार काय?

त्या दिवसाबद्दल वरकुट्यात अजून वेगवेगळ्या आख्यायिका आहेत. ती निमगावातून निघाली की गावात कळायचं, असं काही जण सांगतात. म्हशींनी दूध चोरलं, अंगणवाडीतली पोरं एकदम उठून रडायला लागली, एका वस्तीवरच्या कुत्र्यानं पाठलाग करण्याऐवजी घरात जाऊन बाजेखाली बसणं पसंत केलं. हे जाऊ द्या. गंमत अशी, की बाकडं कालच्यापेक्षा जास्त तापलं. पूर्वी तो शेकडो अंशांचा धूर निदान नळीतून गाडीबाहेर तरी जात होता. आता तो सिलिंडरातून निघून सरळ बाकड्याच्या तळपत्र्यावर आदळत होता. मागच्या चौघांपैकी तिघं वाटेत उतरून चालायला लागले. चौथी ती आजी. ती उतरल्यावर म्हणाली, आज जरा जास्तच झालं.

आवाज मोठा म्हणजे इंजिन मोकळं, ही समजूत नुसती दादांची नाही. बुलेटला फटाक्याचा सायलेन्सर लावून गल्लीतून जाणारी पोरं हेच सांगतात. राज्यात कितीतरी शहरांत पोलिसांनी असले सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर मांडले आणि त्यांच्यावरून रोलर फिरवला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवाच म्हणतो आणि १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी सायलेन्सर हा काही तोंडावर बांधलेला बोळा नव्हे. आतले कप्पे आणि भोकांच्या नळ्या आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मारतात. धुराला मात्र पुरेशी वाट ठेवलेली असते. आवाज मारायचा आणि धूर सोडायचा, ही दोन कामं वेगळी आहेत. एवढी बारीक गोष्ट गल्लीतल्या पोराला सांगायला जावं, तर त्याला ती ऐकूच जात नाही.

दुकानात सायलेन्सर तीन जातींचे. ‘ओरिजनल’, ‘कंपनीटाइप’ आणि ‘लोकल’. तिसरा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चकचकीत. दादांचा हात त्याच्याकडं गेला. मिस्तरीनं तो हातात घेऊन बोटानं वाजवला, आत डोकावून पाहिलं आणि परत ठेवला. दादांनी ओरिजनलची किंमत ऐकली आणि चहा मागवला. दुसरा कप झाल्यावर त्यांनी खिशात हात घातला.

मग दिवसभर तिची चाकरी झाली. बेंड पाइप आतून खरवडला. जुनं पॅकिंग काढून नवं घातलं, कारण तिथून धूर गळला तर सगळं मुसळ केरात. पूर्वी पाइपवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची पद्धत होती. त्याचा धागा फुप्फुसात गेला की बरा नाही, म्हणून मिस्तरी आता फायबरची पट्टी वापरतो. सायलेन्सर आणि बाकड्याच्या तळपत्र्यामध्ये आणखी एक पत्रा लावला, दोन्हींमध्ये बोटभर जागा सोडून. दादांना वाटलं, पत्रा चिकटवायचा राहिला. मिस्तरी म्हणाला, जागेसाठीच तर लावलाय. उष्णता अडवते ती मधली हवा.

पण खरा खजिना निघाला पंख्याच्या कव्हरखाली. सिलिंडरच्या फिन्समध्ये ऑइल आणि धुळीचा बोटभर थर, त्यात उसाचं पाचट. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांच्या मागं हंगामभर धावल्याचं हे फळ. पाचटात एक रिबीन, मतदानाची एक चिठ्ठी आणि उंदरानं सुरू करून सोडून दिलेलं घर. उंदरालाही तिथं राहवलं नाही. वारा शिरायला जागाच नव्हती, तर थंड काय होणार! फिन्स डिझेलनं धुतल्या, ब्रशनं घासल्या. एअर फिल्टर साफ केला, टॅपेट लावले, नोझल तपासला. निघताना मिस्तरीनं एक अट घातली, की यापुढं कागदावर आहेत तेवढीच माणसं. दादा हसले. मिस्तरीही हसला. शेवटी, टपावर तरी काही नको, एवढ्यावर दोघांचं जमलं.

ती परत आली तेव्हा ओळखू आली नाही. धूर नजरेला येईल न येईल इतका. चढाला पूर्वी पहिल्या गिअरमध्ये हंबरायची, ती दुसऱ्यात गेली. पीयूसीवाल्यानं नळी आत घातली, आकडा पाहिला, नळी काढून पुन्हा घातली आणि पुन्हा पाहिला. बाकडं कोमट. पानवाल्यानं पहिल्या दिवशी तळहात टेकवून खात्री केली, दुसऱ्या दिवशी करंडी ठेवली, तिसऱ्या दिवशी स्वतः मागं बसला. गाडीतली वर्णव्यवस्था महिन्याभरात कोलमडली. दादांच्या हातातली शिक्षा गेली, आता ते हुज्जत घालणाऱ्याला नुसते डोळे वटारून पाहतात.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. मे महिन्यात, दुपारी दोनला, अकरा माणसं घेऊन ती अजूनही तणतणते, आणि तेव्हा तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

वेगळीच अडचण अशी झाली, की ती आल्याचं कुणाला कळेना. पूर्वी ती फाट्यावर वळली की वस्तीवरच्या बायका तव्यावरची शेवटची भाकरी उतरवायच्या, लुगडं झटकायच्या आणि ती दारात येईपर्यंत रस्त्यावर उभ्या असायच्या. घड्याळ कुणी बघतच नव्हतं. आता ती येते, थांबते, कुणी नाही म्हणून जाते, आणि मागून हाका सुरू होतात. पहिल्या आठवड्यात तिच्यावर जेवढ्या तक्रारी आल्या, तेवढ्या ती तापत असताना कधी आल्या नव्हत्या. शेवटी दादांनी बारामतीहून सात सुरांचा हॉर्न आणला. सायलेन्सरनं कमावलेली शांतता हॉर्ननं घालवली, असं शाळेतले गुरुजी म्हणाले. दादांना ते ऐकू आलं नाही. इतकी वर्षं तिच्या आवाजावर आवाज चढवून बोलण्याची सवय त्यांच्या घशाला लागलीय. गाडी आता हळू बोलते, दादा अजून ओरडतातच, आणि शेजारी बसलेल्या सरपंचांना गावच्या खासगी गोष्टी मागच्या बाकड्यापर्यंत पोहोचताना पाहाव्या लागतात.

टपरीचंही नुकसान झालं. तापाचा विषय संपला. कूलंटवाला अजून म्हणतो, त्यानं सांगितलेलं आधीच केलं असतं तर.

आताशा निमगावच्या स्टँडवर एक विजेवर चालणारी ॲपे दिसते. तीही बारामतीचीच, धाकटी पाती. तिला सायलेन्सर नाही, धूर नाही, गिअर नाही. उभी असते तेव्हा चालू आहे की बंद, ते कळत नाही. पोरं तिच्याभोवती गोळा होतात. आपली थोरली तोंड पुढं काढून तिच्या आडवी उभी राहते आणि दादा कारण नसताना एकदा हॉर्नचे सातही सूर वाजवून घेतात. ‘हिला उतरल्यावर हात लावून बघा,’ ते प्रवाशांना सांगतात, ‘जिवंत वाटती का बघा.’ प्रवासी हात लावतात आणि तिच्यातच बसतात.

राहिली ती आजी. नव्या सायलेन्सरनंतर पहिल्याच बाजाराला ती निघाली, नेहमीप्रमाणं मागं मधोमध बसली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले. बाकड्यावरून हात फिरवला, खाली वाकून पाहिलं, पुन्हा बसली. इंदापूरला उतरल्यावर दादांनी दहा रुपये मागितले, तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘कशाचे दहा? पाच गाडीचे हुते आन् पाच शेकायचे. शेक तर बंद केलास तू.’

‘आजी, मग मे महिन्यात गार बसायचे पाच जादा देशील का?’

‘मे म्हयन्यात मी कुटं जातीया घर सोडून?’ म्हातारी म्हणाली, पाचाचं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बाजाराकडं चालू लागली.